उभी वाटणी

वखराची पास मुरमावरून घासत गेली की जो आवाज निघतो, तो ऐकून देवकाबाईच्या दाढा शिवशिवायच्या. पास म्हणजे वखराचं पातं. काळ्या मातीतून ते मुकाट्यानं जातं, मुरूम लागला की किंचाळतं. वैशाखाच्या उन्हात बबनराव टेकडीच्या अंगाला वखर धरून होते आणि धुऱ्याकाठी, म्हणजे वावराच्या बांधाशी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग लावणारी देवकाबाई वखराच्या दर तासाला, दर ओळीला, मान वर करून ऐकत होती. मागल्या साली हा आवाज वावरातल्या पळसाच्या वरच निघायचा. औंदा तो पळसाच्या खाली उतरला होता.

बबनरावांनी बैल थांबवले, वखर उलटा केला आणि पातं अंगठ्यानं चाचपलं.

"लोहारानंच पास खराब देल्ली."

"दरसाली लोहारच खराब असते का?" देवकाबाई म्हणाली.

"मंग काय वावर खराब हाये?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची नसते. पळसाखाली जाऊन तिनं भाकरीचं फडकं सोडलं. ती लग्न होऊन आली तेव्हा या पळसाखाली जमिनीवर मांडी घालून जेवायची. आता पळसाच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यातल्या एका जाड मुळीवर पाटावर बसावं तशी ती बसत असे. झाड काही वर आलं नव्हतं. माती खाली गेली होती. रोज त्या मुळीवर बसायचं आणि भाकरी घशाखाली उतरवायची, हे तिला दिवसेंदिवस जड जात होतं.

सालईखेडी हे गाव कारंज्याहून टेकड्यांकडे निघालेल्या फाट्यावर आहे. सालईची झाडं आता गावाच्या नावापुरती उरली. खालून बकऱ्यांनी आणि वरून कुऱ्हाडींनी मिळून टेकडी बोडखी केली. पण गावाच्या वावरांचं वाटोळं झालं ते एकट्या टेकडीपायी नाही, न्यायापायीही झालं. इथली वावरं टेकडीवरून नाल्याकडे उतरतात. वर हलकी जमीन, खाली भारी. भावाभावांत आडवी वाटणी केली तर वरचा तुकडा कोण घेणार? म्हणून पंचांनी दोर लावायचा तो उभा, टेकडीपासून थेट नाल्यापर्यंत. प्रत्येकाला थोडं वरचं, थोडं खालचं, कुणाच्या पोटात दुखायला नको. आजाच्या वेळचं ऐसपैस वावर बापाच्या वेळी निम्मं झालं आणि पोरांच्या वेळी चिंधी. चिंधीत बैल आडवे घालता येत नाहीत, जरा चालले की वळवावे लागतात. मग नांगर उभा, वखर उभा, पेरणीही उभी. पावसाचं पाणी त्या आखून दिलेल्या वाटेनं पळत सुटायचं आणि जाताना माती घेऊन जायचं.

देवकाबाईच्या सासऱ्यानंही अशीच उभी वाटणी केली होती. डावी चिंधी थोरल्या बबनरावांची, उजवी धाकट्या गोपालची. मधे धुरा आणि धुऱ्याच्या मध्यावर एक काळा गोटा, मोठ्या रांजणाएवढा. त्या गोट्यानं दोन्ही भावांचं रक्त आटवलं. यानं तास सरकवला, त्यानं गोटा सरकवला, असं म्हणत दोघं तहसीलपर्यंत गेले. मोजणीवाला येऊन गोटा जिथल्या तिथं आहे असं सांगून गेला, तरी दोघांचं बोलणं बंद ते बंदच. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच. धुऱ्यावरचं तिखाडी गवत एकाचे बैल खातील म्हणून दुसऱ्यानं त्यावर तणनाशक मारलं आणि दुसऱ्या साली पहिल्यानंही मारलं. गवत गेलं. धुरा उघडा पडून दरसाल खचत चालला.

यातली खरी गंमत अशी की दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. देवकाबाई थोरली, तानाबाई धाकटी. एकाच मांडवात दोघींची लग्नं लागलेली. नवऱ्यांचं बोलणं बंद झालं तेव्हा त्यांचंही बंद व्हायला हवं होतं. पण त्या दोघी नाल्याकाठच्या विहिरीवर बोलत. औंदा त्या विहिरीतही बादलीभर पाण्यात अर्धा गाळ येत होता.

अक्षयतृतीयेला सचिन आला. देवकाबाईचा हा एकुलता पोरगा सिंदी मेघेला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि नव्या रस्त्याच्या ठेकेदाराकडे कामावर होता. बायको काजल माहेरी गेली होती म्हणून एकटाच आला. जेवण झाल्यावर त्यानं विषय काढला.

"बाबा, आपल्या वरच्या अंगाले आता निरा मुरूमच हाये. आमच्या ठेकेदाराले मुरूम पाह्यजे. तो मशीन लावून खोदून नेईन. आपल्याले मोकळा पैसा भेटन, माह्या घराचं काम लागन."

"आन् वावराचं?" देवकाबाईनं विचारलं.

"आई, वावर हाये कुठी तिथी? मागल्या साली पऱ्हाटी तुया पोटरीले लागली नोती."

"खोदलं का खड्डा होते. खड्ड्यात काय पेरतं?"

"पाणी साचीन. मासे सोडू." तो हसला. वाईट पोरगा नव्हता तो. भाड्याच्या खोलीत संसार करून कंटाळला होता आणि गावातल्या कितीकांनी मुरूम दिला होता हे त्याला दिसत होतं.

बबनराव सुपारी कातरत बसले होते. ते कातरतच राहिले आणि देवकाबाईनं ओळखलं की हे बोलणं आधी फोनवर होऊन गेलं आहे. खालचं वावर वरच्या वावराच्या आधारानं उभं होतं. वरचं खोदलं की टेकडीचं पाणी थेट खालच्या काळीवर कोसळणार, हे बबनरावांना कळत नव्हतं असं नाही. ते थकले होते. थकलेल्या माणसाला विकणं हे आरामासारखं वाटतं.

"पोळ्यालोक थांबा," ती म्हणाली. "पोळ्याले वरच्या अंगाची पऱ्हाटी माह्या कंबरेले लागली तं मशीन आणायची नाई. नाई लागली तं खुशाल आणजो. मी आडवी येणार नाई."

"जबान?" सचिन म्हणाला.

"जबान."

बबनरावांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "कंबरेले? त्या मुरमात?"

देवकाबाई बोलून तर गेली आणि मग तिच्या जिवाला चैन पडेना. भाकरी थापताना हात थांबवून नुसती बसून राही. दुपारच्या उन्हात उठून वावरात जाई, वरच्या अंगाला पायानं जमीन चाचपे आणि परत येई. एकदा तिनं नाल्याकाठचा गाळ टोपल्यात भरून वर नेऊन टाकला. दिवसभर नेला. कंबर धरली, मान आखडली, आणि संध्याकाळी पाहिलं तर एवढ्या मोठ्या वावरात तिची माती कुठं पडली तेही ओळखू येईना. ती तिथंच बसून रडली. मग तोंड पुसून विहिरीवर गेली.

तिथं तानाबाई होती आणि तिची पोरगी नंदिनीही. नंदिनी वर्ध्याला शेतीचं शिकायची, सुट्टीत घरी आली होती.

"मोठाई, तू टोपल्यानं कितीक आणशीन?" नंदिनी म्हणाली. "तू एक टोपलं वर नेतं आन् पाणी गाडीभर खाली आणते. पह्यले पाण्याले बसव. तास आडवे घाल. पाणी तासातच मुरन, माती जागेवर राहीन."

"चिंधीत बैल आडवे फिरत नाई, बाई."

"एका चिंधीत नाई फिरत," तानाबाई हळूच म्हणाली. "दोन चिंध्या जोडून तं गोधडी होते."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मधला धुरा फोडल्याशिवाय हे व्हायचं नव्हतं आणि धुरा फोडायचा म्हणजे वाघाच्या तोंडातलं हाडूक काढायचं.

पण आधी ओळ तर आखून ठेवू, असं नंदिनी म्हणाली. संधीही आली. केळझरला भाऊबंदातलं लग्न होतं. दोघं भाऊ गेले, एकाच गाडीनं न जाता वेगवेगळे गेले आणि वेगळ्या पंगतीत जेवले, हे नंतर कळलं. इकडे तिघी पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी घेऊन वावरात. नळीचं एक टोक देवकाबाईकडे, दुसरं तानाबाईकडे. दोन्ही टोकांतलं पाणी एका उंचीला आलं की नंदिनी तिथं चुन्याची मूठ टाकायची. देवकाबाईला वाटलं होतं रेघ सरळ येईल. ती कसली सरळ येते. कुठं पोट काढत, कुठं आत वळत ती गेली, पळसाला वळसा घालून धुऱ्यावर चढली आणि गोपालच्या चिंधीत उतरली. धुरा आहे हे पाण्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता बबनराव वावरात गेले आणि धापा टाकत परत आले.

"देवका, वावरात कोणं तरी करणी केली. पांढरी रेघ हाये, सापावानी. मी वलांडली नाई."

"लिंबू होता का?"

"लिंबू नाई दिसला."

"मंग अर्धीच करणी असन."

ती त्यांच्यासोबत गेली. धुऱ्याच्या पलीकडे गोपालही उभा होता, त्याचाही चेहरा उतरलेला. त्याचाही पाय रेघेपाशी अडला होता. कितीतरी वर्षांनी दोघं भाऊ एकाच गोष्टीकडे पाहत उभे होते. देवकाबाईला हसू आवरेना आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

झालं, करणी नाही म्हटल्यावर दोघांच्याही जिवात जीव आला आणि दोघंही भडकले.

"धुरा फोडाचा?" गोपाल म्हणाला. भावाकडे न पाहता, वहिनीला. "मंग इतले साल भांडलो कायच्यासाठी?"

"भाऊजी, एक इचारतो," देवकाबाई म्हणाली. "तुमची पास वरच्या अंगाले वाजत नाई का?"

गोपालनं पायानं मुरमाचा एक खडा उलटवला. बबनरावांनी नकळत त्याच्याकडे पाहिलं. माझीच पास वाजते, माझाच लोहार खराब, असं त्यांना वाटत आलं होतं. पलीकडच्या चिंधीतही तोच आवाज निघतो हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"वाजते," गोपाल म्हणाला. "औंदा लई वाजली."

चार दिवस गेले, दोन्ही घरांत आदळआपट झाली. तानाबाईनं धरणं धरलं, देवकाबाईनं अबोला. शेवटी तोडगा निघाला. धुरा उकरून सपाट करायचा, पेरणी आडवी, एकाच्या बैलांनी दोघांची. वेचणीला आपापल्या अंगाचा कापूस आपापला. आणि गोटा जागेवरून हलणार नाही. या शेवटच्या अटीवर दोघा भावांचं पटकन एकमत झालं.

मृगात पाणी आलं तशी पेरणी झाली. बैलांनी आधी कुरकुर केली, उभ्या वाटेची सवय लागलेली त्यांनाही. मग ते चुन्याच्या रेघेला धरून आडवे चालू लागले. मागून दोघी बहिणी ओटीत सरकी घेऊन एकेक बी मातीत टोबत गेल्या. दरसाली जाळून टाकायच्या त्या पऱ्हाट्या औंदा देवकाबाईनं जाळू दिल्या नाहीत, वरच्या अंगाला ढीग लावून ठेवल्या. कुठं तास फुटला तर दाबायला होतील, असं तिच्या मनात होतं.

पेरणीनंतर दुसऱ्या दिवशी ती वावरात आली तर जुन्या धुऱ्याच्या जागी टेकडीपासून नाल्यापर्यंत एक खोल उभा तास. नांगराचा.

"हे कोणं केलं?"

"मी," बबनराव म्हणाले. "खूण हाये. पेरणी एक केली म्हणून वावर थोडंच एक झालं? उद्या त्यानं माह्या अंगाचा कापूस वेचला तं?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या तासाला लागून आणखी एक तास. तो गोपालचा. मोठ्या भावानं खूण केली आणि मी नाही केली तर उद्या तिचाच धुरा होईल, असा त्याचा हिशेब. दोन खुणा मिळून चांगली हातभर रुंद नाली झाली. देवकाबाईला ते पाहून कसंतरी झालं, पण नेमकं काय खटकलं ते बोटावर धरता येईना. एवढं सगळं ऐकलं बापड्यांनी, तर ही एक रेघ राहू दे, असं म्हणून तिनं मन समजावलं. नंदिनी वर्ध्याला परत गेलेली. तिला विचारायचं राहून गेलं.

सरकी उगवली. वरच्या अंगालाही उगवली. हलक्या सरी आल्या तेव्हा आडव्या तासांत पाणी थांबलं, ऊन पडलं तरी माती ओली राहिली. देवकाबाई रोज रोपापाशी उभी राहून पाय लावून पाही. घोटा झाला, पोटरीकडे निघालं. तिची झोप परत येऊ लागली होती.

आर्द्रा संपता संपता एका दुपारी टेकडीमागून काळं भरून आलं. देवकाबाई वरच्या अंगाला निंदत होती, तानाबाई तिच्या बाजूला. थेंब असे आले की पाठीवर खडे बसावेत. दोघी पळसाखाली गेल्या. तिथून पाहत राहिल्या. तास भरले. एकामागून एक आडवे तास पाण्यानं चमकू लागले आणि पाणी जागेवर बसलेलं होतं. "पाय वं तानी," देवकाबाई म्हणाली, "पाय, कसं बसलं." तिला इतका आनंद झाला होता की लुगडं भिजल्याचं भान नव्हतं.

मग पळसाच्या जरा खाली एक तास त्या खुणेपाशी फुटला. पाणी खुणेत शिरलं. त्याच्या खालचा तास फुटला, मग त्याच्याही खालचा. आडव्या तासांनी जमवलेलं सगळं पाणी दोन्ही बाजूंनी त्या एका उभ्या वाटेला येऊन मिळालं. पूर्वी ते पन्नास वाटांनी पळायचं, आता एकाच वाटेनं निघालं आणि तांबडंलाल होऊन गरजायला लागलं. काठ ढासळू लागले. काठावरची रोपं मुळासकट खाली जाताना दोघींना दिसली.

तेव्हा देवकाबाईला कळलं आपल्याला काय खटकलं होतं ते. स्वतःचा असा राग आला तिला की पायात जीव आला. "पऱ्हाट्या आण," ती ओरडली आणि दोघींनी ढिगातल्या पऱ्हाट्या मिठीभर कवळ्यांनी ओढून नालीत टाकल्या. पाण्यानं त्या उचलल्या, फिरवल्या आणि नेल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा नेल्या. वजन पाहिजे होतं. आणि वजन समोरच होतं, नालीच्या ऐन काठावर. तो काळा गोटा.

देवकाबाईनं पळसाला टेकवून ठेवलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि गोट्याच्या बुडाशी घातली.

"गोट्याले हात लावजो नको." बबनराव वावरातल्या खोपटातून पोतं पांघरून धावत येत होते. "देवका, गोटा सरकला तं सारी मोजणी गेली."

"वहिनी, गोटा राहू द्या," पलीकडून गोपाल. तोही धावत आला होता. "बाकी काई बी करा."

सब्बल देवकाबाईच्या हातून खाली पडली. हाताची सालटी निघाली होती. तिनं दोघांकडे पाहिलं. मग ती नालीत उतरली, पऱ्हाट्यांचा एक कवळा पाठीशी घेतला आणि पाण्याकडे पाठ करून मटकन खाली बसली. पाणी तिच्या खांद्यावरून गेलं. खडे पाठीला लागत होते. ती हलली नाही.

"काय करून राह्यली तू?"

"गोटा नाई हालत तं मी बसतो."

तानाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, कारण समोर जेठ, म्हणजे मोठे दीर, उभे होते, आणि तीही बहिणीच्या बाजूला जाऊन बसली. दोघींच्या पाठींनी मिळून अडवलं तेवढं पाणी अडलं, बाकीचं वरून गेलं. देवकाबाईच्या तोंडात चिखल गेला. तो तिनं थुंकला आणि पुन्हा तशीच बसली. वाहून जायची भीती तिला वाटत होती. मातीबरोबर आपणही नाल्याला लागलो तर निदान एकाच जागी जाऊ, असलं काहीतरी तिच्या मनात आलं.

बबनराव काठावर उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मग ते वाकले, सब्बल उचलली आणि गोट्याखाली घातली. एकट्यानं गोटा हलेना. त्यांनी गोपालकडे पाहिलं नाही, हाकही मारली नाही. गोपाल नाली ओलांडून आला आणि त्यानंही सब्बल धरली. दोघांनी मिळून जोर दिला तेव्हा गोटा बुडातून सुटला, एक वळसा घेतला आणि दोघींच्या जरा वर, नालीत जाऊन बसला.

"उठा आता," गोपाल म्हणाला.

गोट्यामागं पऱ्हाट्या टिकल्या. पऱ्हाट्यांवर दगड आले. पाणी थबकलं, तुंबलं आणि बाजूच्या तासांत पसरलं. पाऊस थांबेपर्यंत चौघं दगड वाहत होते.

नुकसान व्हायचं ते झालंच. वरच्या अंगाची एक पट्टी रोपांसकट गेली. देवकाबाईनं तिथं तूर टोबली. दोघी बहिणींनी टेकडीमागून तिखाडीचे ठोंब आणून नालीच्या काठानं लावले आणि आपापल्या नवऱ्यांकडची तणनाशकाची डबडी कुठं ठेवली ते त्यांना सांगितलं नाही. गोट्यामागं गाळ साचत गेला. कुणाच्या अंगाची माती किती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

पण जबान ती जबान. दिवस पोळ्याकडे सरकू लागले तशी देवकाबाईची घालमेल वाढली. ती रोज जाऊन पऱ्हाटीला अंग लावून पाही. पोटरी गेली, गुडघा आला. बोंडं धरली होती, पानं हिरवीगार होती, मुरमाच्या वावरात असा कापूस सालोसाल कुणी पाहिला नव्हता. पण कंबर ती कंबर. ती झाडाचा शेंडा बोटांनी वर ओढून पाही आणि सोडून देई. एकदा तर तिनं गुडघे जरा वाकवून उभं राहून पाहिलं, मग स्वतःचीच लाज वाटून सरळ झाली.

पोळ्याला सकाळीच सचिन आला. सोबत ठेकेदाराचा माणूस, मोटारसायकलवर. अंगणात बबनराव बैलांची शिंगं रंगवत होते. सगळे वावरात गेले. पलीकडून गोपालही पोळ्याला दारात लावायची पळसाची मेढ, म्हणजे फांदी, तोडायला आलेला.

सचिन वरच्या अंगाला उभा राहिला. इकडे तिकडे पाहिलं. त्यालाही नवल वाटलं असावं, कारण त्यानं वाकून एक बोंड हातात धरून पाहिलं. मग म्हणाला, "आई, गुडघाच हाये."

"गुडघाच हाये," देवकाबाई म्हणाली. "मी हारली. आण मशीन."

ठेकेदाराच्या माणसानं पिशवीतून चुना काढला. "काका, तुमचा धुरा दाखवा. चुना मारून घेतो. शेजारच्याच्या अंगाले मशीन लागली तं लफडं होते."

बबनरावांनी वावरावरून नजर फिरवली. हा धुरा त्यांनी तलाठ्याला दाखवला होता, मोजणीवाल्याला दाखवला होता, वकिलाला कागदावर काढून दाखवला होता. झोपेत उठवलं असतं तरी बोट ठेवून सांगितला असता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"धुरा नाई अठी," ते म्हणाले.

"नाई म्हणजे? सातबाऱ्यावर दोन हिस्से हायेत."

"मंग सातबारा खोद."

माणसानं गोपालकडे पाहिलं. "तुमी सांगा, तुमचं कुठून लागते?"

गोपाल मेढ तोडत होता. "मोठ्या भावाले इचारा," तो म्हणाला. "धुऱ्याचं सारं त्यालेच माहीत."

"बाबा," सचिन चिडला, "आई हारली ना? जबान देल्ली होती तिनं."

"आई हारली असन. मी कुठी हारलो?" बबनराव म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "चाल, घरी पुरण शिजलं हाये. तुया घराचं आपण दुसरं काई पाहू. याले बी जेवू घाल, सणाचा दिवस हाये."

सचिननं पायाखालचं ढेकूळ ठेचलं. राग गिळायला वेळ लागतो. मग तो मोटारसायकलकडे जाऊन माणसाशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि दोघं घराच्या वाटेला लागले. गोपालनं मेढीची दुसरी फांदी तोडली आणि जाता जाता थोरल्या भावाच्या हातात दिली. बबनरावांनी ती घेतली.

देवकाबाई मागं राहिली. घरी पुरण वाटायचं होतं, पण पाय निघेनात. ती गोट्यापाशी गेली. गोट्यामागच्या गाळात पाय ठेवला, तर बोटं आत गेली आणि मग पाऊलही. मऊ, गार माती होती. तिचे डोळे भरून आले. तानाबाईचं टोपलं तिथंच पालथं पडलं होतं. तिनं ते गाळानं भरलं, डोक्यावर घेतलं आणि पळसापाशी नेऊन उघड्या मुळीवर ओतलं. हातानं थापलं. मुळी काही झाकली नाही, आजूबाजूला थोडी काळी झाली एवढंच. ती टोपलं घेऊन पुन्हा खाली निघाली.